एकशे सत्तावीस दाते : जुनी कारखानी यंत्रे ओळखावीत कशी, वापरावीत कशी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला कंपू आज बाहेरगावच्या माणसाला ठाऊक असतो तो जयारोग्य रुग्णालय आणि गजराराजे वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामुळे. पण ही वस्ती मुळात फौजेची. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो तळ पुन्हा उठलाच नाही. तंबूंच्या जागी घरे आली, घरांच्या गल्ल्या झाल्या, आणि ‘लष्कर’ हेच शहराचे नाव पडले. कवायती पलटणींची तुकडी म्हणजे कंपू, तोफखाना आणि त्याचे सामानसुमान म्हणजे जिन्सी. लष्करात ही दोन्ही नावे अजून जागेवर आहेत.

अशा वस्तीत शिपायांच्या पाठोपाठ कारागीर येतात. तोफेच्या गाड्याला सुतार लागतो, चाकाच्या धावेला लोहार लागतो, नळीला ओतारी लागतो आणि नळीचे तोंड साफ करायला कातारी लागतो. महादजी शिंद्यांच्या पदरी १७८४ पासून असलेल्या द बॉयन या सेनानीने आपल्या पलटणींसाठी आग्र्याला तोफा ओतवून घेतल्या. सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर ते काम पाहत असे. मराठी फौजेच्या इतिहासात लढायांची वर्णने पुष्कळ आहेत, या ओतशाळांची फारच थोडी. ही उणीव मला फार जाणवते, कारण तोफेची ओतशाळा हे आधुनिक कारखान्याचे आजोळ आहे.

हे केवळ बोलण्यापुरते नाही. इंग्लंडात जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफेची नळी आतून अचूक कोरण्याच्या यंत्राचा हक्क नोंदवला. पुढच्याच वर्षी विल्किन्सनच्याच कोरणीयंत्रावर जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर कोरून निघाले. त्याआधी वॉटला हवे तितके गोल सिलिंडर कोणी देऊ शकत नव्हते. दट्ट्या आणि भिंत यांच्या फटीतून वाफ निसटून जाई. तोफेसाठी घडलेली विद्या इंजिनाच्या कामी आली आणि वाफेचे युग खरे मार्गी लागले. यंत्र एका कामासाठी बनते आणि दुसऱ्या कामात जग बदलते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

ग्वाल्हेरच्या तोफांचे मात्र वेगळे झाले. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार इथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. त्यांत शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्या तोफांचे कासे वितळवून लढलेल्या शिपायांसाठी सहा टोकांच्या तारा-पदकांची घडण झाली. कलकत्त्यात हुगळीकाठी १८४७ मध्ये उभारलेल्या ग्वाल्हेर स्मारकाच्या वरच्या भागातही याच तोफांचा धातू गेला. ज्यांच्याकडून तोफा घेतल्या त्यांच्याच शहराचे नाव त्या पदकांना आणि त्या स्मारकाला मिळाले. धातू शिल्लक राहिला, पण ज्या हातांनी तो ओतला त्यांची खूण उरली नाही. जुने लोखंड वजनावर विकले जाते तेव्हा नेमके हेच होते.

कोल्हापूरकडे याच्या उलट घडले. बेळगावात १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले, भट्टी थंड पडायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातल्या निकामी तोफा नांगरांसाठी दिल्या. शेतकऱ्याच्या शेतात त्या तोफांनी जी मशागत केली, तिचे मोल कोणत्याही विजयस्तंभापेक्षा मोठे आहे असे मी मानतो.

ग्वाल्हेरला यंत्रांची खरी चाहूल लागली ती महाराजा माधवराव शिंद्यांच्या काळात. माधवरावांना रेल्वेचे वेड होते. जयविलास राजवाड्याच्या मेजवानीच्या टेबलावर रुळांवरून धावणारी चांदीची गाडी आजही पाहायला मिळते. पाहुण्यांपुढे पेये आणि सिगार फिरवायची तिची योजना, आणि गाडीवरची सुरई उचलली की गाडी आपोआप थांबायची. पण हा शौक राजवाड्यात अडकून राहिला नाही. दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे १८९९ मध्ये लोकांसाठी सुरू झाली. श्योपूरपर्यंतची वाट १९०९ मध्ये पुरी झाली. सुमारे २०० किलोमीटरची ही वाट २०२० पर्यंत वाहती होती. इतक्या अरुंद गाडीचे सुटे भाग बाजारात तयार मिळत नसत. चाक झिजले, बुश घासला, दांडा वाकला की तो तिथल्या तिथे कातून, ओतून, ठोकून बनवायचा. अशी रेल्वे ज्या गावात असते त्या गावात फिटर, टर्नर आणि ओतारी यांच्या पिढ्या तयार होतात. पुढे बिर्लानगरात जियाजीराव कॉटन मिल आली, ती नव्वदच्या दशकात बंद पडली. बंद पडलेल्या गिरण्यांतली आणि कारखान्यांतली यंत्रे कुठे जातात? थोडी छोट्या दुकानांत, बाकीची भट्टीत.

म्हणून जुने यंत्र ओळखता यायला हवे. कबाड्याच्या अंगणात गंजलेला लेथ, ज्याला ग्वाल्हेरकडे खराद म्हणतात, उभा असतो तेव्हा तो किलोच्या भावाने तोलला जातो. त्याच्या अंगावर काय लिहिले आहे हे वाचणारा माणूस त्या वेळी जवळ असला, तर तो लेथ आणखी पन्नास वर्षे काम करू शकतो.

वाचायला सुरुवात नावाच्या पट्टीपासून करू नये. पितळेची पट्टी सर्वांत आधी निघून जाते, किंवा दुसऱ्या यंत्राची आणून ठोकलेली असते. विश्वास ठेवावा तो बिडात ओतलेल्या अक्षरांवर. बेडच्या, म्हणजे लेथच्या लांब बिडाच्या पाटाच्या पायावर, स्पिंडल धरणाऱ्या हेडस्टॉकच्या पाठीवर, गिअरच्या झाकणावर रंगाच्या थरांखाली उठावाची अक्षरे दडलेली असतात. वायरब्रश किंवा ग्राइंडर लावला तर ती घासली जातात. रॉकेल, जुना ब्रश आणि चिंध्या पुरे. अक्षर पुसट असेल तर टॉर्च बाजूने, अगदी चपटा धरावा, उंचवट्याची सावली पडते. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासली तरी ठसा उमटतो. अनुक्रमांक शोधायचा तर बेडच्या हेडस्टॉकसमोरच्या, म्हणजे टेलस्टॉककडच्या टोकाला, दोन्ही कडांच्या मधल्या सपाट जागेत पाहावे. पुष्कळ बनवणारे आकडा तिथेच ठोकत. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. अमेरिकी लेथवर युद्धकाळातली ‘वॉर फिनिश’ची पट्टी दिसली तर तो दुसऱ्या महायुद्धातला. लढाई संपल्यावर सरकारने लष्कराची शिल्लक यंत्रे विकायला काढली, त्यांतली कितीतरी आपल्या गावोगावच्या दुकानांत पोचली.

नाव सापडले नाही तरी यंत्र मुके नसते. मला सर्वांत आवडणारी खूण बोल्टमध्ये आहे. अर्ध्या इंचाचा, म्हणजे आपल्या कारखानी भाषेत चार सुताचा बोल्ट काढावा, स्वच्छ करावा आणि पट्टी लावून एका इंचात किती आटे बसतात ते मोजावे. बारा भरले तर यंत्र इंग्लंडच्या परंपरेतले. तेरा भरले तर अमेरिकेच्या. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडसाठी आट्यांचे जे माप ठरवले त्यात अर्ध्या इंचाला बारा आटे आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा. विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेसाठी वेगळे माप सुचवले. त्याने कोन ६० अंशांचा धरला, कारण तो कारागिराला सहज काढता येतो, आणि अर्ध्या इंचाला तेरा आटे दिले. बाकीच्या पुष्कळ मापांत दोघांचे आटे सारखेच पडतात. म्हणून हा एक बोल्ट साक्षीदार ठरतो. गंजलेल्या, नाव नसलेल्या लोखंडाच्या ढिगात दोन खंडांचा इतिहास बारा आणि तेरा या दोन आकड्यांत वेगळा करता येतो, हे मला दरवेळी थक्क करते.

पानाही हेच सांगतो. इंग्लिश पान्यावर बोल्टच्या व्यासाचा आकडा असतो, अमेरिकी पान्यावर नटाच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा. म्हणून अर्ध्या इंचाच्या जुन्या व्हिटवर्थ पान्याचा जबडा प्रत्यक्षात सुमारे ०.९२ इंच रुंद असतो. ‘अर्ध्याचा पाना अर्ध्याला बसत नाही’ अशी तक्रार ऐकली तर समजावे की माल जुना इंग्लिश आहे. त्यावर दुसरा पाना ठोकून बसवू नये, नटाचे कोपरे गोल होतात.

पुढची खूण लीड स्क्रूची. लेथच्या पुढच्या अंगाला जो लांब आट्याचा दांडा असतो, त्याच्या एका इंचात चार, सहा किंवा आठ आटे भरले तर यंत्र इंचाचे. मिलिमीटरमध्ये पूर्ण आकडा आला तर मेट्रिक. हातचाकावरच्या रेघाही पाहाव्यात. एक रेघ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ज्याला कामगार थाऊ म्हणतात, की मिलिमीटरचे शतांश? भारतात मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. इंचाचा लेथ त्याआधीचाच असे मात्र धरू नये. इंची लेथ पुढेही बनत राहिले. उलट मेट्रिक लेथ मिळाला आणि तो भारतीय असला, तर तो बहुधा त्यानंतरचा.

इथे एक सुंदर अडचण येते. दुकानात इंची लेथ आहे आणि गिऱ्हाईक मेट्रिक आट्यांचा स्क्रू मागते. आठ आट्यांचा लीड स्क्रू एका फेऱ्यात इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर पुढे सरकवतो. हव्या असलेल्या एका मिलिमीटरच्या आट्याशी त्याचा मेळ कसा बसवायचा? इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. २५.४ ला पाचाने गुणले की १२७ येतात, आणि १२७ ही मूळ संख्या आहे, तिला दुसऱ्या कोणत्याही संख्येने भाग जात नाही. म्हणून माप तंतोतंत हवे तर १२७ दात्यांचे एक चक्र करावे लागते, त्याला पर्याय नाही. ४० दात्यांच्या चक्राने १२७ चे चक्र फिरवले की ३.१७५ गुणिले ४० भागिले १२७ बरोबर एक मिलिमीटर. एका चक्राने दोन मापपद्धतींचा तह घडवला. जुन्या लेथच्या कपाटात किंवा पेटीत मोठे, विचित्र दात्यांचे चक्र दिसले तर दाते मोजावेत. १२७ निघाले तर ते लेथइतकेच जपावे, कारण ते पुन्हा विकत घ्यायला महाग पडते.

ज्यांच्याकडे हे चक्र नव्हते त्यांनी ६३ दात्यांचे चक्र वापरले. ८० ला ६३ ने भागले तर १.२६९८४ येतात, तर १२७ ला १०० ने भागले तर १.२७. फरक आठ हजारांत एक. एक मीटर लांबीच्या स्क्रूला तो पाव सुताच्याही खूप आतला, म्हणजे सुमारे एक अष्टमांश मिलिमीटरचा. नट-बोल्टसाठी तो कोणाला कळणारही नाही. बेरीज-गुणाकार पाठ असलेल्या एखाद्या कामगाराने कागदावर हे आकडे मांडून पाहिले असतील, तो क्षण मला एखाद्या शास्त्रज्ञाच्या शोधाइतकाच मोठा वाटतो.

चक्रांच्या दात्यांवरूनही कुळ कळते. इंग्लिश पद्धतीत दाते अधिक दोन, भागिले बाहेरचा व्यास इंचात, असे केले की डीपी, म्हणजे डायमेट्रल पिच मिळतो. चाळीस दात्यांच्या चक्राचा बाहेरचा व्यास २.१ इंच असला तर ४२ भागिले २.१ म्हणजे २० डीपी. पूर्ण आकडा आला नाही तर हाच हिशेब उलटा करून मिलिमीटरमध्ये मॉड्यूल काढून पाहावा. २० डीपीचा मॉड्यूल १.२७ येतो, म्हणजे तोच इंच-मिलिमीटरचा सांधा इथेही डोकावतो.

वय ओळखण्याचा आणखी एक मार्ग अंगलटीतून जातो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट या दोघांच्या पोलादाचे हत्यार लाल तापेपर्यंत लोखंड कातताना लोकांनी पाहिले. साधे कार्बन पोलाद २०० ते २५० अंशांनंतर मऊ पडते, हे नवे हाय स्पीड पोलाद सहाशे अंशांच्या आसपासही धार धरून राहते. कातण्याचा वेग वाढला तसे लेथला जाड स्पिंडल, भारी बेड आणि रुंद पट्टे द्यावे लागले. सडपातळ पाय, नाजूक हेडस्टॉक आणि नक्षीदार ओतीव पाट दिसला तर तो त्या पोलादाआधीच्या विचारातला. पट्ट्याची तीन पायऱ्यांची पुली आणि वेग उतरवणारा बॅक गिअर दिसला तर एकाच लांब शाफ्टवरून अनेक यंत्रे चालणाऱ्या काळातला. अशा लेथला तीन पायऱ्या सरळ आणि तीन बॅक गिअरने, असे सहा वेग मिळतात.

पण एवढ्यावरून परदेशी ठरवण्याची घाई करू नये. बटाला, लुधियाना, राजकोट आणि हावडा इथल्या ओतशाळांनी इंग्लिश लेथ समोर ठेवून त्यांचे साचे घेतले आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे तसेच पायऱ्यांच्या पुलीचे लेथ बनवले. त्यांतल्या पुष्कळांवर नावच नाही. कमी प्रतीचे म्हणून त्यांना हिणवू नये. देशातल्या हजारो दुकानांचे पोट त्यांनी भरले. नावाच्या मालिकेत हरिहरला १९४१ मध्ये स्थापन झालेल्या मैसूर किर्लोस्करचे लेथ येतात. मराठी माणसाला त्यांचे विशेष कौतुक असावे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकून आले आणि नांगराच्या कारखान्याला यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांकडे नेणाऱ्या घराण्याचे कर्ते झाले. पुढे १९५३ मध्ये बंगळुरूला एचएमटी उभी राहिली, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या साहाय्याने. साताऱ्याला कूपर कारखान्याने नांगर आणि डिझेल इंजिने बनवली. अशी नावे बिडात वाचली की त्या यंत्राची पुस्तके, सुटे भाग आणि जाणकार सापडायला सोपे जाते.

ओळख पटली की प्रकृती तपासावी. लेथचा बेड काम धरणाऱ्या चकजवळ सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होते. हत्यार घेऊन बेडवर सरकणारा सॅडल चकच्या जवळ आणून त्याच्या पट्ट्या हलक्या आवळाव्यात, इतक्या की सरकवताना थोडा जोर लागेल. मग तसाच तो टेलस्टॉककडे न्यावा. वाटेत अडला तर बेड चकजवळ झिजला आहे. टोकापर्यंत सारख्याच जोराने गेला तर बेड चांगला. क्रॉस स्लाइडचे हातचाक उलट फिरवून किती रेघा रिकाम्या जातात ते मोजावे, तो स्क्रू आणि नटाचा खेळ. चकमध्ये जाड दांडा धरून लाकडाच्या दांडक्याने वर उचलून पाहावा, डायल गेजवर स्पिंडल किती हलते ते दिसते. बिडावर हलका ठोका दिल्यावर आवाज घणघणीत यावा, भद्द आला तर तडा शोधावा. या तपासणीला दुकानदाराने नकार दिला तर तो सौदा सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिडाबद्दल एक आश्चर्य सांगायलाच हवे. ओतीव बिडात अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि तो बराचसा ग्राफाइटच्या सूक्ष्म पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो. या पाकळ्या कंप गिळतात. म्हणून बिडाच्या बेडवर हत्यार कमी थरथरते आणि कातलेला भाग गुळगुळीत निघतो. शिवाय ओतल्यानंतर बिडात राहिलेला ताण काळाबरोबर सैलावतो. चांगले कारखाने ओतलेले बेड उघड्यावर पाऊस-उन्हात महिनोन् महिने ठेवून मगच त्यांच्यावर अंतिम कातकाम करत. पन्नास-साठ वर्षे उभा असलेला बेड हे सगळे आपोआप भोगून बसलेला असतो. या एका बाबतीत जुना लेथ नव्या स्वस्त लेथपेक्षा सरस असतो.

नेआणीत पुष्कळ चांगली यंत्रे मरतात. लेथ वरून जड असतो, तो लीड स्क्रूला किंवा हँडलला दोर बांधून उचलू नये. सॅडल टेलस्टॉककडे सरकवून, वजन तोलून दोर बेडला बांधावा. बीड वाकत नाही, फुटते. गंज काढायला पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून, बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला गंजलेला भाग आणि धन टोकाला साध्या लोखंडाचा तुकडा लावला की गंज आपोआप सुटतो. स्टेनलेस स्टीलचा तुकडा मात्र कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतो. हे काम मोकळ्या हवेत करावे, कारण तिथे हायड्रोजन वायू निघतो. तुटलेला दाता ब्राँझने भरून कानशीने घडवता येतो. तडा गेलेले बीड गरम करून जोडले तर चुन्यात किंवा राखेत पुरून हळूहळू निववावे, नाहीतर शेजारी नवा तडा जातो.

पट्ट्याचा लेथ मोटरवर आणायचा असेल तर घरच्या सिंगल फेज विजेवर थ्री फेज मोटर चालवणारा व्हीएफडी आता सहज मिळतो. तो २३० व्होल्ट घेतो आणि २३० व्होल्टचीच थ्री फेज देतो, म्हणून मोटरची जोडणी डेल्टामध्ये करावी लागते. चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे देते आणि ब्राँझच्या बुशांवरचे जुने स्पिंडल तितक्या वेगासाठी घडलेले नसते. मध्ये काउंटर शाफ्ट घालून वेग उतरवावा. आणखी एक गोष्ट जिवाशी येणारी आहे. जुन्या लेथचा चक आट्यांवर बसवलेला असतो. मोटरला एकदम थांबवले किंवा उलटे फिरवले तर चक सुटून अंगावर येतो. व्हीएफडीची झटक्याने थांबवण्याची सोय अशा लेथवर बंद ठेवावी. उघड्या पट्ट्यांना आणि गिअरना जाळी घालावी, लेथवर काम करताना हातमोजे आणि सैल बाह्या नकोतच. जुन्या क्लचच्या अस्तरात ॲसबेस्टॉस असू शकते आणि जुन्या रंगात शिसे. ती कोरडी घासू नयेत.

जो लेथ अचूक कामाला राहिला नाही तोही निकामी नसतो. झिजलेल्या बेडचा लेथ लाकूड कातायला, पितळी भांड्यांना चकाकी द्यायला, मोटरची कॉइल गुंडाळायला, पत्रा दाबून वाटी घडवायला उत्तम. चांगला बेड आणि खराब हेडस्टॉक असेल तर त्यावर बॉल स्क्रू आणि सर्वो मोटर बसवून संगणकाने चालणारे छोटे यंत्र करता येते. फ्लाय प्रेस चामड्याला आणि पितळेला छिद्रे पाडतो. सिंगरच्या जुन्या पायशिलाईच्या स्टँडवर पायाने चालणारा दगड बसतो. रुळाचा तुकडा ऐरण होतो, जीपच्या पाट्याच्या स्प्रिंगचे छिन्नी-कोयते होतात. पाणी खेचणाऱ्या डिझेल इंजिनावर चंबळ खोऱ्यात पिठाची गिरणी, कुट्टीयंत्र आणि जुगाड गाडीही चालताना दिसते. सावकाश फिरणाऱ्या, वजनदार फ्लायव्हीलच्या त्या इंजिनाचा गुण असा की तेल मिळाले आणि पाणी मिळाले तर ते कुरकुर करत नाही. ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर कानाला ओळखीचा असलेला तो ठेका तिथल्या कारागिरांच्या कल्पकतेचा आहे.

अरुंद रुळांच्या त्या वाटेवर आता ब्रॉडगेज येत आहे. जुन्या कार्यशाळांमध्ये, बंद पडलेल्या गिरण्यांच्या शेडमध्ये, कंपू आणि जिन्सीच्या गल्ल्यांतल्या दुकानांत अजून कितीतरी यंत्रे अंगावर अक्षरे घेऊन उभी आहेत. त्यांचा इतिहास कोणत्याही दप्तरात नाही, तो त्या बिडावरच आहे.

तुमच्या घरात, दुकानात किंवा गावातल्या कबाड्याकडे असे एखादे यंत्र असेल तर ते विकण्याआधी रॉकेल आणि चिंधी घेऊन त्याच्याजवळ बसा. अनुक्रमांक आणि ओतीव अक्षरे टिपून घ्या, बेड आणि पाट्यांची छायाचित्रे काढा, कपाटातली चक्रे मोजा. ते चालवणारा म्हातारा कारागीर अजून हयात असेल तर त्याच्याकडून ते कुठून आले, कोणी दुरुस्त केले, त्याने त्यावर काय बनवले ते लिहून घ्या. आणि वजनावर भाव ठरायच्या आधी एकदा एखाद्या चांगल्या टर्नरला ते दाखवा.